महाडचा प्रश्न कुणाच्या यादीत?

माझी भाची समाजकार्यात एमए करून पोलादपूरला परतली तेव्हा तिच्याकडे संशोधनाचा एक विषय होता. पोलादपूर-महाडकडचा माणूस अटकेत गेला की त्याच्या घरच्यांचं काय होतं? लहान गुन्हा असेल तर महाडचं कोर्ट, मोठा असेल तर माणगावचं सेशन कोर्ट. पोलीस कोठडी संपली की अलिबागचा हिराकोट किल्ला, कारण जिल्हा कारागृह तिथे आहे, नाहीतर तळोजा. पोलादपूरहून अलिबाग शंभर किलोमीटरपेक्षा जास्त. भेटीला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं लागतं आणि वकिलाच्या कारकुनाचा चहासुद्धा आपल्याच खिशातून जातो. भाचीला हे सगळं मोजायचं होतं. पन्नास कुटुंबं, एका तारखेचा खर्च किती, आणि जामीन मंजूर होऊनही जामीनदार न मिळाल्यामुळे किती जण आत राहिले.

फौजदारी न्यायव्यवस्थेवरच्या संशोधनाला अनुदान देणाऱ्या एका संस्थेची जाहिरात आली होती. सोबत अग्रक्रमाच्या विषयांची यादी होती : सायबर गुन्हे, अमली पदार्थ, दहशतवाद, न्यायवैद्यक तंत्रज्ञान, चेहरा ओळखणारे कॅमेरे, कृत्रिम बुद्धिमत्ता. तिने अर्ज केला. तीन महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं की विषय संस्थेच्या अग्रक्रमात बसत नाही.

ती म्हणाली, “मामू, ही यादी पोलिसांच्या अडचणींची आहे. पोलिसांसमोर जो उभा असतो त्याच्या अडचणींची यादी कोण करतं?”

मी इतिहासाचा मास्तर. वर्तमानातल्या प्रश्नाला उत्तर सुचलं नाही की मागे जाऊन बघायची मला सवय आहे. आणि आमच्या तालुक्यात मागे जायचं म्हटलं की पाय आपोआप चवदार तळ्याकडे वळतात.

२० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर आले आणि पाणी प्याले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतरच्या काही तासांबद्दल मात्र कमी बोललं जातं. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई उठली आणि गावात विखुरलेल्या परिषदेच्या लोकांवर जमाव तुटून पडला. मंडपात जेवणाऱ्यांना मारलं, वाटेने गावी परतणाऱ्यांना गाठून मारलं. काहींना महाडच्या मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. त्याच वर्षी डिसेंबरात दुसऱ्या परिषदेच्या मंडपाला सवर्णांपैकी कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. आमच्याकडे ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते, आणि ती खरी आहे. पण अभिमानाच्या भरात दुसरी बाजू सुटू नये. तळ्याभोवती वस्ती सवर्णांची होती, एका कोपऱ्यात मुसलमानांचीही घरं होती, आणि मुसलमानांना त्या पाण्याची बंदी नव्हती. जे पाणी आमच्या पूर्वजांनी सहज भरलं, त्याच पाण्यासाठी दुसऱ्यांना डोकी फोडून घ्यावी लागली.

मारहाणीचा फौजदारी खटला झाला. जिल्हा मॅजिस्ट्रेटने पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी दिली. त्या काळी दलितांवर हात टाकणाऱ्या सवर्णांना शिक्षा होणं ही साधी गोष्ट नव्हती. बाबासाहेबांनी निकालाबद्दल समाधान मानलं, पण एक निरीक्षणही नोंदवलं. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की जिल्ह्यातले मुख्य अधिकारी हिंदू नव्हते म्हणून हा न्याय निःपक्षपातीपणे झाला. पेशवाई असती तर आपल्याला हत्तीच्या पायी दिलं असतं.

हे वाक्य मी अनेकदा वाचलं आहे. एरवी ते इंग्रजांची स्तुती म्हणून किंवा पेशवाईवरची टीका म्हणून वाचलं जातं. मला त्यात एक संशोधनाचा प्रश्न दिसतो. कायदा तोच, पुरावा तोच, पण खुर्चीवर बसलेला माणूस कोण आहे यावर निकाल किती अवलंबून असतो? फौजदारी न्यायाबद्दल याहून मूलभूत प्रश्न मला माहीत नाही. तो महाडमध्ये विचारला गेला, आणि त्यासाठी कुणी अनुदान दिलं नव्हतं. पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने निवेदन देताना बाबासाहेबांनी लष्कर, आरमार आणि पोलीस यांत अस्पृश्यांना भरतीचा मोकळा हक्क मागितला. महाडच्या अनुभवाची ही मागणी होती असं मी मानतो.

तळ्याचा दिवाणी दावा तर संशोधनाचाच दावा होता. १२ डिसेंबर १९२७ ला सवर्णांनी महाडच्या कोर्टात तो दाखल केला आणि दोन दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. त्यांचं म्हणणं दोन पायांवर उभं होतं : तळं खासगी आहे, आणि अस्पृश्यांना तिथे न येऊ देण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे. म्हणजे कोर्टाला आता इतिहास तपासायचा होता. जुने कागद, नगरपालिकेचे ठराव, म्हाताऱ्या माणसांच्या साक्षी, सगळं गोळा झालं, आणि ज्याने त्याने आपापल्या खर्चाने केलं. ८ जून १९३१ ला महाडचा निकाल लागला, ३० जानेवारी १९३३ ला ठाण्यात अपील फेटाळलं गेलं आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टात न्या. ब्रूमफील्ड यांच्या खंडपीठाने दुसरं अपीलही फेटाळलं. हे ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना शिक्षा सुनावणारे न्यायाधीश. अलीकडच्या काळात बंदी पाळली जात होती एवढं सिद्ध झालं, ती अनादी आहे हे सिद्ध झालं नाही. एका तळ्याची खरी हकीगत शोधायला दहा वर्षं लागली. बाबासाहेब स्वतः बॅरिस्टर होते म्हणून निभावलं. ज्याच्या घरात बॅरिस्टर नाही त्याने काय करावं?

सरकार त्या काळात गुन्हेगारीच्या अभ्यासावर पैसा खर्च करत नव्हतं असं नाही. करत होतं, पण त्याचे प्रश्न निराळे होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या आणि १९११ च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यातही तो लागू झाला. केनेडी नावाच्या पोलीस अधिकाऱ्याने इलाख्यातल्या ‘गुन्हेगार वर्गां’वर लिहिलेलं जाडजूड पुस्तक १९०८ मध्ये सरकारनेच छापलं. कोणती जमात कशी दिसते, कोणतं सोंग घेते, घरफोडी कशी करते, याची त्यात बारकाईने नोंद आहे. मेहनत दांडगी आहे, ती नाकारता येत नाही. पण पारधी किंवा कैकाडी माणूस भुकेला आहे का, त्याची जमीन कुणी घेतली, त्याला पकडणाऱ्या शिपायाने त्याला मारलं का, हे विचारण्यासाठी ते पुस्तक लिहिलेलंच नव्हतं. पैसा पोलीस खात्याचा, म्हणून डोळेही पोलीस खात्याचे.

स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. डोळे किती बदलले? २८ ऑगस्ट १९७० ला केंद्रीय गृह मंत्रालयाने पोलीस संशोधन आणि विकास ब्यूरो स्थापन केला. हा ब्यूरो संशोधन प्रकल्पांना पैसा देतो, गुन्हेगारीशास्त्रात पीएचडी करणाऱ्यांना फेलोशिप देतो. पोलिसांना चांगली हत्यारं मिळावीत, त्यांच्या कामाचे तास कमी व्हावेत, त्यांना राहायला धड घरं असावीत, हे प्रश्न खरेच आहेत. हवालदाराची बायको विचारा, ती सांगेल. पण नावाप्रमाणेच हे संशोधन पोलिसांसाठी आहे. तुरुंग प्रशासन हा विषय ब्यूरोच्या कामात १९९५ मध्ये आला, म्हणजे स्थापनेनंतर पंचवीस वर्षांनी. १९८६ मध्ये राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्यूरो निघाला आणि आकडे दरवर्षी छापून येऊ लागले. त्यात एक रकाना आमच्या विषयाचा होता : पोलीस दलात मुसलमान किती. २०१३ साली देशभरात हे प्रमाण सव्वासहा टक्क्यांच्या आसपास होतं. लोकसंख्येतला वाटा २०११ च्या जनगणनेप्रमाणे १४.२ टक्के. त्यानंतर हा रकाना छापायचाच बंद झाला. तुरुंगात मुसलमान किती हे मोजलं जातं, पोलीस ठाण्यात किती हे मोजलं जात नाही. १९२७ चा प्रश्न विचारायचा तर निदान दोन्ही आकडे शेजारी शेजारी हवेत.

अमेरिकेचं उदाहरण देतो, कारण तिथे हा सगळा व्यवहार उघड्यावर चालतो. १९६८ च्या कायद्यानंतर तिथे गुन्हे आणि न्याय यांवरच्या संशोधनासाठी स्वतंत्र राष्ट्रीय संस्था निघाली. ती आपले अग्रक्रम जाहीर करते आणि विद्यापीठं त्यांप्रमाणे अर्ज करतात. सरकार बदललं की यादी बदलते. २०२५ च्या एप्रिलमध्ये तिथल्या न्याय खात्याने चालू असलेली शेकडो अनुदानं अचानक थांबवली. कारण तेच सांगितलं गेलं जे माझ्या भाचीला एका ओळीत मिळालं : अग्रक्रमात बसत नाही.

आपल्याकडे हेच मोठ्या आवाजात झालं ते श्रीकृष्ण आयोगाच्या वेळी. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलीची चौकशी करायला २५ जानेवारी १९९३ ला आयोग नेमला गेला. जानेवारी १९९६ मध्ये युती सरकारने तो गुंडाळला. चारच महिन्यांनी, मे महिन्यात, तो पुन्हा जिवंत करावा लागला, पण परत येताना त्याच्या कामात मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांची भर घातली गेली. पैसा देणारा हात प्रश्न कसा वळवतो याचं याहून स्पष्ट उदाहरण मला सापडत नाही. न्या. श्रीकृष्णांनी तरीही मूळ प्रश्न सोडला नाही. फेब्रुवारी १९९८ मध्ये दिलेल्या अहवालात ९०० मृतांची नोंद आहे, त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू. शिवाय ३१ पोलिसांवर त्यांनी ठपका ठेवला. अहवाल विधानसभेत आला आणि तिथेच राहिला.

बॉम्बस्फोटांची झळ आमच्या जिल्ह्याला वेगळ्या तऱ्हेने लागली. स्फोटकं उतरली ती रायगडच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धनजवळ शेखाडीला. महाड-पोलादपूर समुद्रापासून आत आहे, पण पुढची काही वर्षं कोकणी मुसलमानाला गाव विचारल्यावर उत्तर देताना घसा कोरडा पडायचा. मुंबईहून येताना एका नाक्यावर मला एसटीतून उतरवून बॅग उपसायला लावली होती. आत शाळेसाठी घेतलेले नकाशे होते. शिपायाने ते उलगडून बराच वेळ पाहिले. ते भारताचे प्राकृतिक नकाशे आहेत हे त्याला पटेपर्यंत बस थांबली होती, आणि बसमधले ओळखीचे लोक खिडकीबाहेर बघत होते.

टाडा कोर्टाचा निकाल २००६-०७ मध्ये आला तेव्हा दोषींच्या यादीत कस्टमचे अधिकारी आणि पोलीसही होते. खेप चौकीवरून पुढे गेली ती पैसे खाऊन. म्हणजे या प्रकरणातून अभ्यासाचे निदान दोन विषय निघत होते : एक दहशतीच्या जाळ्याचा, दुसरा किनाऱ्यावरच्या लाचेचा. पहिला विषय तेव्हापासून प्रत्येक यादीत वरच्या क्रमांकावर आहे. दुसरा मी कुठल्या यादीत पाहिला नाही.

३० नोव्हेंबर २००६ ला सच्चर समितीचा अहवाल संसदेत मांडला गेला. शिक्षण, बँकेचं कर्ज, सरकारी नोकऱ्या, सगळ्यांवर त्यात प्रकरणं आहेत, तुरुंगांवर वेगळं प्रकरण नाही. ती उणीव महाराष्ट्रापुरती भरून काढली ती राज्य अल्पसंख्याक आयोगाने. त्याने हे काम टाटा समाजविज्ञान संस्थेकडे सोपवलं. या संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून पोलीस ठाणी आणि तुरुंगांत काम करत होता, त्यामुळे अभ्यासकांना आत जाण्याची वाट ठाऊक होती. डॉ. विजय राघवन आणि रोशनी नायर यांनी १५ तुरुंगांतल्या ३३९ मुसलमान कैद्यांशी बोलून अहवाल तयार केला. राज्याच्या लोकसंख्येत मुसलमान १०.६ टक्के (२००१ ची जनगणना), तुरुंगात त्याच्या सुमारे तिप्पट. पण आतली माणसं कोण? बहुसंख्य तरुण, कमी शिकलेले, हातावर पोट असलेले, पहिल्यांदाच अटक झालेले. संघटित गुन्हेगारीशी किंवा दहशतवादाशी बहुतेकांचा काडीचा संबंध नाही. अनेकांकडे वकीलच नव्हता.

एका लहान आयोगाने खर्च केला आणि वर्षानुवर्षांची कुजबुज कागदावर आली. हा अभ्यास गृह खात्याच्या पैशाने झाला असता का? मला वाटत नाही.

२०१९ मध्ये लोकनीती-सीएसडीएस आणि कॉमन कॉज यांनी २१ राज्यांतल्या ११,८३४ पोलिसांना प्रश्न विचारले. दर दोघांपैकी एकाला कमी-अधिक प्रमाणात वाटत होतं की मुसलमानांचा कल स्वभावतःच हिंसेकडे असतो. हाही खर्च सरकारचा नव्हता. महाडच्या खुर्चीवरचा माणूस काय विचार करतो, हे बाबासाहेबांच्या निरीक्षणानंतर ९२ वर्षांनी निदान आकड्यांत तरी दिसलं. त्याच वर्षी इंडिया जस्टिस रिपोर्टमध्ये मोठ्या राज्यांत महाराष्ट्र पहिला आला, पुढच्या वर्षीही पहिला. दोन्ही अहवाल खरे असू शकतात. पदं किती भरली, तिजोरीतून किती दिलं, हे पहिल्या क्रमांकाचं गणित आहे. पदावरच्या माणसाच्या मनात काय आहे, ते त्या गणितात येत नाही.

आता आमच्या गावचे प्रश्न बघा. २४ ऑगस्ट २०२० ला महाडच्या काजळपुऱ्यात तारिक गार्डन ही पाच मजली इमारत पत्त्यासारखी कोसळली. १६ जीव गेले. बिल्डर, सल्लागार आणि नगरपालिकेतले अधिकारी यांच्यावर गुन्हा दाखल झाला. अशा खटल्यांत पुढे काय होतं, किती वर्षं जातात, मृतांच्या घरच्यांना कोर्टात कुणी विचारतं का, हा फौजदारी न्यायाचाच विषय नाही का? सोळा माणसं एका हल्ल्यात गेली असती तर विषय लगेच यादीत बसला असता.

इथवर सरकारला बोललो, आता घरच्यांना बोलतो. आपल्या जमातीही पैसा खर्च करतात. जमियत उलेमाच्या महाराष्ट्रातल्या कायदेशीर मदत कक्षाने वर्षानुवर्षं आरोपींना वकील दिले. गुलजार आजमी यांनी त्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षं घालवली. २००६ च्या मालेगाव स्फोटातले मुसलमान आरोपी २०१६ मध्ये सुटले, ७/११ च्या लोकल स्फोटांतल्या बाराही जणांना २१ जुलै २०२५ ला मुंबई हायकोर्टाने निर्दोष ठरवलं, ते या देणग्यांतून उभ्या राहिलेल्या वकिलांमुळे. जकातीच्या आठ हक्कदारांत बंदी माणसाच्या सुटकेचाही वाटा सांगितलेला आहे, त्यामुळे लोक यासाठी मनापासून देतात. पण आपण एकेका माणसासाठी वकील करतो आणि तो सुटला की वही मिटते. तो आत गेलाच कसा, त्याच्यासारखे अजून किती, हे लिहून ठेवायला आपणही पैसे देत नाही. म्हणजे आपल्या यादीतही तो प्रश्न नाही.

भाचीला घेऊन मी आमच्या जमातीच्या बैठकीला गेलो. असरनंतर मदरशाच्या खोलीत पंधरा-वीस जण होते. खजिनदार म्हणाले, “वकिलाला देऊ की. पण नुसतं लिहिण्याला कसले पैसे?” तिने तारखांचा हिशेब सांगितला : एका घराला सहा महिन्यांत किती खेपा होतात, एका खेपेला किती जातात. तिथे बसलेल्यांपैकी दोघांनी आपल्याच घरचे आकडे सांगायला सुरुवात केली आणि खजिनदार गप्प झाले. मग एक वयस्कर चाचा म्हणाले, फक्त आपल्याच मोहल्ल्याचं लिहिणार असशील तर देऊ नका. कातकरीवाडीत जा, बौद्धवाडीत जा, मराठ्यांच्या पोरांचंही लिही. त्यांना १९२७ ची आठवण होती की काय, मी विचारलं नाही.

एसटीचा पास, झेरॉक्स आणि एका वर्षासाठी थोडे पैसे एवढं ठरलं. पन्नासऐवजी तीस कुटुंबं. प्रश्नावलीत मी एक प्रश्न वाढवायला सांगितला : ठाण्यात किंवा कोर्टात तुमच्या बोलीत बोलणारा, तुमच्यातला कुणी होता का?

आतापर्यंत एकोणीस घरं झाली आहेत. एका कातकरी घरात जामीन मंजूर होऊन चार महिने झाले होते आणि माणूस आतच होता, कारण जामीनदाराचा सातबारा लागतो आणि वाडीत कुणाच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. ते तिने वहीत लिहून घेतलं आणि महाडच्या एका वकिलाला फोन केला. उरलेली अकरा घरं दिवाळीनंतर होतील. २०२१ च्या जुलैत दरडी कोसळल्यापासून पावसात पोलादपूरच्या वरच्या वाड्यांवर जायला आमच्या घरात कुणी होकार देत नाही.